शुक्रवारची ओल

अकोल्याच्या उन्हाळ्यात सीतेची वेणी फुलवायची म्हणजे तापल्या तव्यावर लोण्याचा गोळा जपायचा, असं मंदाला ज्याने त्याने सांगून पाहिलं. त्यात तिचा नवराही होता, आणि त्याचं मत सहज उडवून लावण्यासारखं नव्हतं. दिवाकर घाटोळांनी सगळी नोकरी वेधशाळेत काढली होती. कोरडा पारा आणि ओला पारा यांच्यातला फरक वाचायचा आणि हवेत पाणी किती ते कळवायचं, यावर त्यांचं घर चाललं होतं.

"मंदा, हे झाड कोयनेकडच्या ढगांतलं आहे," ते म्हणाले. "आपल्याकडे मे महिन्यात दुसरा कपडा दोरीवर टाकेपर्यंत पहिला वाळते. मरून जाईल ते."

"मेलं तर मेलं बाप्पा. पाहून तर घेऊ," मंदा म्हणाली.

सह्याद्रीतली सीतेच्या वेणीसारखी ऑर्किडची झाडं सुकत चालली म्हणून त्यांची रोपं घराघरांत वाढवायला देण्याची योजना त्या वर्षी निघाली होती. मंदाने कुणाला न विचारता नाव घातलं आणि ती रोप घेऊन आली. आंब्याच्या ओंडक्यावर काथ्याने बांधलेली चार जाडसर पानं आणि खाली लोंबणारी मुळं, एवढाच त्या रोपाचा संसार. सोबत एक यंत्र मिळालं. पुण्याच्या एका कंपनीचं, नाव दहिवर, आकाराने पोह्यांच्या डब्याएवढं.

ते यंत्र काय करायचं ते सांगायला हवं. सीतेची वेणी मातीत वाढत नाही. तिची मुळं हवेतच लोंबतात आणि त्यांच्यावर स्पंजासारखा पापुद्रा असतो. तो ओला झाला की मूळ हिरवं दिसतं, वाळला की पांढरं. झाडाला दोन्ही लागतं. सदा ओलं ठेवलं तर मूळ कुजतं, सदा कोरडं ठेवलं तर कळी धरत नाही. आधीची यंत्रं हवेतल्या ओलाव्याचा एक आकडा धरून बसायची. झाड त्यात जगायचं, पण फुलायचं नाही. दहिवरने आकड्याचा नाद सोडून दिला. पानाला चिकटवलेली टिकलीएवढी चकती पानाची रंध्रं कधी उघडतात आणि कधी मिटतात ते टिपायची, एक बारीक डोळा मुळांचा रंग पाहायचा, आणि खोलीतली ओल कशी चढली, कशी उतरली, मग झाड फुललं की नाही, हे सगळं पुण्याला जायचं. ज्या घरातलं झाड सगळ्यांत चांगलं फुललं, त्या घरातली ओलीची चाल उचलायची आणि बाकीच्या घरांना द्यायची, एवढीच त्यातली हुशारी. ही चाल पुण्यातच असायची. घरोघरची यंत्रं रोज सकाळी ती मागवून घ्यायची. कुणी अंघोळ केली, कुकर लावला, तर तेवढी ओल यंत्र मोजायचं आणि गप्प बसायचं. कमी पडेल तेवढंच धुकं सोडायचं.

आणि सगळ्यांत चांगलं फुललेलं झाड निघालं ते अकोल्याच्या मंदा घाटोळांचं. दर उन्हाळ्यात हातभर लांब, गुलाबी ठिपक्यांचे तुरे. पुण्याहून अभिनंदनाचा फोन आला तेव्हा मंदा म्हणाली, "यंत्राचं काय कौतुक? मी बोलते त्याच्याशी." दिवाकरराव तिच्यावर हसले होते.

झाड मधल्या खोलीच्या खिडकीत टांगलेलं होतं, आणि त्याच्याखाली मंदाची वेताची खुर्ची होती. मंदाचे केस गुडघ्यापर्यंत होते. शुक्रवारी ती डोक्यावरून न्हायची, खुर्चीच्या पाठीवरून केस मागे सोडायची आणि ते वाळेपर्यंत भाजी निवडत बसायची. केस वाळवायचं यंत्र मधुराने आणून दिलं होतं, ते कपाटात तसंच पडलं. मधुरा म्हणजे त्यांची एकुलती मुलगी, पुण्यात नोकरीला.

मंदा गेली ती मार्गशीर्षात. सकाळी छातीत जड वाटतं म्हणाली आणि दुपारी नव्हती.

दिवाकरराव रडले नाहीत. तेराव्यापर्यंत लोक वाट पाहत होते, मग तेही आपापल्या घरी गेले. दात काढायच्या आधी डॉक्टर हिरडीत सुई देतो, मग गालाला हात लावावा तर तो गाल आपला वाटत नाही. त्यांचं तसं सगळ्या अंगाचं झालं होतं. ते वेळेवर जेवत होते, झोपतही होते. शेजारच्या बाई डबा देत, तो धुऊन परत करत. कुणी मंदाची आठवण काढली की मान हलवत आणि मनात म्हणत की आता काहीतरी वाटेल. काही वाटायचं नाही.

झाडाचं सगळं यंत्रच पाहत होतं, त्यामुळे तेही जगलं. एका शुक्रवारी दुपारी मात्र यंत्र जरा जास्तच वेळ घुरघुरत राहिलं. एरवी थोडं धुकं सोडून थांबायचं, त्या दिवशी थांबेचना. दिवाकररावांच्या नाकाला आकडा लागत नसे, हवा हुंगूनच त्यांना ओल कळायची. ही ओल त्यांना जास्त वाटली. पानावरची चकती बिघडली असेल, असं म्हणून त्यांनी सोडून दिलं. पुढच्या शुक्रवारी तेच झालं, त्याच्या पुढच्याही. कंपनीला कळवायला हवं, हे ते रोज ठरवत आणि रोज राहून जाई.

मग फाल्गुनात एक शुक्रवार असा आला की यंत्र घुरघुरलंच नाही. आता खरंच बिघडलं, म्हणून त्यांनी टाकीत पाणी कधी भरलं होतं ते आठवायला भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. त्या दिवसाच्या चौकोनात बारीक अक्षरांत एकादशी लिहिलेली होती.

ते खुर्चीची पाठ धरून उभे राहिले.

मंदाच्या माहेरचा नेम होता. शुक्रवारी न्हायचं, पण त्या दिवशी एकादशी आली तर डोक्याला पाणी लावायचं नाही. शनिवारी तर नाहीच. मग थेट रविवारी. दिवाकररावांनी तिला यावरून किती छेडलं होतं. "केसांना तिथी कळते का गं?" ते विचारायचे. "केसांना नाही कळत. मला कळते," ती म्हणायची आणि भाजीत मान घालायची.

रविवारी दुपारी यंत्र सुरू झालं आणि थांबेचना.

एवढे लांब केस पेलाभर पाणी सहज धरतात, आणि बंद खोलीत पेलाभर पाणी म्हणजे चैन झाली. इतकी वर्षं मंदा खुर्चीत बसली की यंत्र गप्प बसायचं, कारण खोलीत ओल होतीच. त्याने ती नुसती मोजली. सातव्या दिवशी लांबलचक ओल, मग हळूहळू वाळणं, की पुढे झाड फुलतं, एवढं त्याला समजलं. ती ओल कुणाची, हे त्याला कुणी सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही. आता खुर्ची रिकामी होती म्हणून ते भरून काढत होतं. आणि हे एकट्या घाटोळांच्या घरी नव्हतं. चाल सगळीकडे गेली होती. हजारो घरांत, हौसेने झाड टांगलेल्या बँकांत, दवाखान्यांच्या बाहेरच्या खोल्यांत दर शुक्रवारी मंदाचे केस वाळत होते.

दिवाकरराव धुकं थांबेपर्यंत तिथे बसले. त्यांना आनंद झाला नाही, दुःखही झालं नाही. नुसतं तिथून उठावंसं वाटेना.

मधुरा मे महिन्यात आली ती बाबांना पुण्याला न्यायचं ठरवूनच. पहिले दोन दिवस तिने आईची कपाटं आवरली. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाली, "बाबा, इथं एकटे राहून काय करून राहिले तुम्ही? चला माझ्याकडे."

"शुक्रवारी इथं असावं लागते."

"काहून? शुक्रवारी काय आहे?"

"तुझ्या आईचं न्हाणं," ते म्हणाले आणि भाताचा पुढचा घास घेतला.

मधुराने हातातला चमचा खाली ठेवला. त्यांनी तिला सगळं नीट समजावून सांगितलं, आवाज न चढवता, जसं नव्या मदतनिसाला पारा वाचायला शिकवत तसं. ती ऐकत होती, पण तिचे डोळे भरत चालले होते, आणि ते आईसाठी नाही, बाबांसाठी.

"ते यंत्र आहे बाबा."

"यंत्रच आहे. मी कुठं नाही म्हणून राहिलो?"

"आई गेली तेव्हा तुम्ही रडला नाहीत. मला पाणी पाजलं, लोकांना चहा दिला, पण रडला नाहीत. मी समजून घेतलं. आता एका डब्यासाठी तुम्हाला माझं घर नको. तुम्हाला काहीच वाटत नाही का?"

"वाटत असेल," दिवाकरराव म्हणाले. "समजून नाही राहिलं." हे खरं होतं, आणि त्याहून जास्त त्यांच्याकडे सांगण्यासारखं नव्हतं.

मधुराने ताटं उचलली.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून फोन आला. दहिवर कंपनीतल्या हेमांगी टिळेकर नावाच्या बाईंना घर पाहायला यायचं होतं, आणि शुक्रवारीच यायचं होतं.

त्या आल्या तेव्हा बाहेर रस्त्यावर माणूस दिसत नव्हता. तिशी-पस्तिशीच्या, खांद्याला जड पिशवी. झाडाला दोन तुरे आले होते आणि तिसरा उमलायच्या बेतात होता. हेमांगी बराच वेळ झाडाखाली उभ्या राहिल्या. मग पिशवीतून आपलं ओलावामापक काढून त्यांनी खिडकीत ठेवलं आणि वेताच्या खुर्चीत बसल्या. दिवाकरराव उभेच राहिले. मधुरा चहा करायला आत गेली.

"आज मुद्दाम आले," हेमांगी म्हणाल्या. "आज यंत्र चालणार नाही, बघा. सगळ्या देशात चालणार नाही. ही चाल तुमच्या घरातली आहे, ते तुम्हाला माहीत असेलच. तिच्यात दर सातव्या दिवशी लांब ओल आहे. ते समजतं, मुळांना भिजणं आणि वाळणं हवंच असतं. पण मधूनच एखादा सातवा दिवस गळतो आणि दोन दिवसांनी येतो. आम्ही ते चंद्राशी ताडून पाहिलं. पौर्णिमेच्या किंवा अमावस्येच्या आधी थोडे दिवस, अगदी ठरलेलं. आमच्या साहेबांनी त्यावर निबंध लिहिलाय, या झाडात चांद्र लय आहे म्हणून. परदेशात वाचणार आहेत. ऑफिसात पोरं चेष्टेने म्हणतात, सीतेची वेणी एकादशी पाळते."

"फुलते ना पण ती?" दिवाकररावांनी विचारलं.

"सगळीकडे फुलते. म्हणून तर कुणी शंका घेत नाही. पण रानात चंद्राप्रमाणे ओल कोण देणार? आणि सात दिवसांचा आठवडा झाडाला कुठून कळणार?" त्या पुढे झुकल्या. "मला वाटतं, हे माणसाचं आहे. या खोलीत कुणीतरी काहीतरी करत होतं. तसं असेल तर तो गाळ आहे. आम्ही तो चालीतून धुऊन काढू, सगळ्या यंत्रांतून एकदम. तुमच्याही. निबंधही मागे घ्यावा लागेल, पण ते माझं काम आहे."

"एखाद्या घरी जुनीच चाल ठेवता येते का?"

"नाही हो. चाल यंत्रात नसतेच, रोज आमच्याकडून येते. बदलली की सगळीकडे बदलली."

दिवाकररावांनी खिडकीकडे पाहिलं. मुळं चांदीसारखी पांढरी होती. आज ती तशीच राहायची होती.

"दुसऱ्या कुणाकडे गेले असते तर चार साक्षी काढल्या असत्या," हेमांगी म्हणाल्या. "इथे गरज नाही. आमचे हवामानशास्त्राचे सर शिकवायचे ना, तुमच्या एका उन्हाळ्याची गोष्ट सांगायचे. ओल्या पाऱ्याला गुंडाळलेली वात सुकली होती, कुणालाच कळलं नव्हतं, आणि तुम्ही स्वतः कळवलंत की आठवड्याच्या नोंदी रद्द करा, चूक माझी. सर म्हणायचे, कुठल्याही आकड्यावर शंका घ्या, अकोल्याच्या आकड्यावर घेऊ नका. म्हणून सरळ विचारते. तुम्ही सांगाल ते मी धरेन. शुक्रवारी या खोलीत पाण्याचं दुसरं काही असायचं का? ओले कपडे, कूलर, काहीही?"

मधुरा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने बाबांकडे पाहिलं.

दिसलं ते लिहायचं, न दिसलेलं लिहायचं नाही. या एका वाक्यावर त्यांनी नोकरी केली होती, आणि त्यासाठी वरिष्ठांशी दोनदा वैर घेतलं होतं.

"नाही," दिवाकरराव म्हणाले. "काही नव्हतं."

हेमांगींनी मान हलवली. मग मधुराकडे वळून विचारलं, "तुम्हाला काही आठवतं?"

मधुराने ट्रे खाली ठेवला. "मी पुण्याला असते," ती म्हणाली. "इथलं मला काय माहीत?"

हेमांगींनी चहा घेतला, झाडाचे फोटो काढले. निघताना दिवाकररावांना वाकून नमस्कार केला, आणि त्यांनी तो घेतला.

दार लावून ते मधल्या खोलीत आले. यंत्र गप्प होतं. मधुरा रिकामे कप तसेच ठेवून भिंतीला टेकून उभी होती.

"बाबा, खोटं बोललात."

"हो."

"तुम्ही."

"हो ना."

त्यांना लाज वाटली. साधीसुधी नाही, लहानपणी वर्गापुढे उभं केल्यावर वाटायची तशी. कान तापले, मान खाली गेली. त्या पोरीने आपल्याला वाकून नमस्कार केला, आणि आपण तो घेतला. सबंध उन्हाळ्यात, त्याआधीच्या हिवाळ्यातही, त्यांना पहिल्यांदा काहीतरी वाटलं होतं, आणि वाटलं ते हे. ते खुर्चीत बसले नाहीत. खाली फरशीवर बसले.

मधुरा त्यांच्याजवळ येऊन बसली. ती रागावेल असं त्यांना वाटलं होतं. ती रागावली नाही.

"सांगणार का तिला?" तिने विचारलं.

"सांगावं लागेल. माझ्या शब्दावर ती चुकीचं मांडून बसेल बिचारी."

"कधी?"

"फुलं उतरू दे," दिवाकरराव म्हणाले. यंदाची की पुढची, ते मधुराने विचारलं नाही.

रविवारी दुपारी त्यांना न्हाणीघरातून बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता. मधुरा बाहेर आली ती डोक्यावरून न्हाऊन, पंचा खांद्यावर टाकून. तिचे केस खांद्याच्या जरा खाली येत, एवढेच. ती वेताच्या खुर्चीत बसली, केस पाठीमागे सोडले आणि समोर गवारीची परडी ओढून घेतली. तिला गवार कधी आवडली नव्हती.

यंत्राची वेळ झाली. दिवाकरराव वाट पाहत उभे होते. यंत्र सुरू झालं नाही. त्यांनी मुळांकडे पाहिलं. पांढऱ्या मुळांवर हिरवी झाक चढत होती, अगदी टोकांपासून. खोलीत ओल होती, म्हणून यंत्र नुसतं मोजत बसलं होतं.

मधुरा शेंगा मोडत राहिली. टक टक एवढाच आवाज होता.

मग केस वाळत आले, आणि यंत्र घुरघुरायला लागलं.

"झालं माझं?" मधुराने मान न वळवता विचारलं.

"झालं. तुझे केस आखूड आहेत."

"मग हे काय आहे आता?"

"हे तिचं," दिवाकरराव म्हणाले. "तुझ्यानंतर उरलं तेवढं."

मधुराच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिचे खांदे हलायला लागले, आवाज न करता. दिवाकरराव तिच्या मागे गेले. मंदा जे म्हणायची तेच ते म्हणाले. "मुळाशी ओले आहेत अजून. नीट पुसत जा." आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

हाताला गार लागलं. ते गार त्यांना कळलं, आणि त्यांनी हात काढला नाही.